हाडं, कोंबड्या आणि तिसरा खंड

ग्रंथपालांनी गोळी जिभेखाली सरकवली, वर घोटभर पाणी प्यायले आणि बायकोपुढे मोठा आ केला.

"गिळली?" बायकोने चष्मा सारखा करून आत डोकावत विचारलं.

"हं."

"मग बोलत का नाही?"

"हं हं," असं म्हणून ग्रंथपाल डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सकाळचं ऊन घ्यायला परसदारी सटकले.

उभा जन्म वाचनालयात शिडीवर काढलेला हा माणूस कधी पडला नव्हता. निवृत्त झाल्यावर मात्र घरातल्या घरात, पायपुसण्याला अडखळून पडला आणि मनगट मोडून बसला. हाडं ठिसूळ झाली आहेत, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं पडलं. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळी कसली, कोटाचं बटणच ते. चव भिंतीच्या चुन्यासारखी.

गोळ्यांचं एक वेळ ठीक होतं. पण बायकोने घरातल्या शिडीला साखळी घालून कुलूप ठोकलं, आणि तिथे ग्रंथपालांचा जीव अडकला. हात प्लास्टरमध्ये असताना त्यांनी एका रहस्यकादंबरीचे दोन खंड वाचून काढले होते. दुसऱ्याच्या शेवटच्या पानावर सावकाराचं प्रेत आतून कडी लावलेल्या न्हाणीघरात सापडलं होतं, तेही छत्री उघडून बसलेलं. तिसरा खंड सगळ्यात वरच्या फळीवर होता.

"अगं, तू तरी काढून दे," ते काकुळतीला येऊन म्हणाले होते.

"मी चढू? माझी हाडं काय लोखंडाची आहेत?" बायको कडाडली होती. "पुढच्या तपासणीत तुमची हाडं भरलेली निघाली तर शिडी तुमची. नाही निघाली तर ती भंगारात."

आता एवढं पणाला लागलं असताना शहाण्या माणसाने गोळ्या मुकाट्याने गिळल्या असत्या. ग्रंथपालांनी प्रयत्न केलाही. पण गोळी घशापाशी जाऊन परत यायची. शेवटी एकदा त्यांनी ती परसातल्या भिंतीपलीकडे थुंकली आणि पलीकडे आनंदाचा एकच कलकलाट उठला.

पलीकडे बँडमास्तर राहत. त्यांनी कोंबड्या पाळल्या होत्या. त्यातल्या तांबड्या कोंबडीने गोळी पळवली आणि बाकीच्या तिच्या मागे लागल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी भिंतीपाशी आधीच येऊन उभ्या होत्या. भिडस्त माणूस! आशेने बघणाऱ्यांना नाही कसं म्हणणार? एकीला देऊन बाकीच्यांना उपाशी ठेवणं बरं दिसेना, म्हणून ते रात्रीच्या गोळीसकट सगळा माल मुठीत चुरून टाकू लागले.

काही आठवड्यांनी बँडमास्तर अंडी द्यायला आले, ते छाती फुगवूनच.

"वहिनी, हे अंडं फोडून दाखवा!"

बायकोने अंडं वाटीच्या काठावर आपटलं. वाटीचा टवका उडाला. अंडं जसंच्या तसं.

"काय खायला घालता हो त्यांना?" तिने विचारलं.

ग्रंथपालांना ठसका लागला.

"खायला? छे! ही माझ्या ट्रम्पेटची करामत आहे," बँडमास्तर म्हणाले. "मी सकाळी वाजवायला लागलो की सगळ्या पळत जाऊन भिंतीपाशी उभ्या राहतात."

"म्हणजे तुमच्यापासून लांब?"

"जाणकार श्रोता लांबूनच ऐकतो, वहिनी. कवचात सूर उतरलाय, सूर!"

त्या दिवसापासून बँडमास्तर संध्याकाळीही वाजवू लागले. मग दुपारीही. गल्लीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या, कानात कापूस कोंबला. ट्रम्पेट किंचाळू लागला की ग्रंथपालांना वाटायचं, हे पाप आपलं. एका शब्दात हे थांबवता येईल. पण तो शब्द बोललो की शिडी भंगारात आणि सावकार जन्मभर न्हाणीघरात. ते गप्प बसले. रात्रीचं सूप जरा कचकच लागायचं, त्याबद्दलही गप्प बसले. अपराधी माणूस कशाबद्दलच तक्रार करू शकत नाही.

तपासणीचा दिवस उजाडला. निघायची घाई, बायको दारात उभी, त्यामुळे परसात जायला जमलंच नाही. ग्रंथपालांनी तोंडातली गोळी रुमालात घेऊन कोटाच्या खिशात कोंबली. रस्त्यावर थोडं चालल्यावर त्यांना मागून ओळखीचा आवाज आला.

"अहो, या कोंबड्या आपल्यामागे का येताहेत?" बायकोने विचारलं.

"त्यांनाही... ऊन हवं असेल."

कोंबड्या रांगेने दवाखान्यात शिरल्या. त्यांच्यामागे धापा टाकत बँडमास्तर आले. तपासणी होऊन ग्रंथपाल डॉक्टरीणबाईंसमोर बसतात न बसतात तोच तांबडी त्यांच्या मांडीवर चढली. तिने सराईतपणे खिशात चोच घातली, रुमाल ओढला, गोळी उचलली आणि सगळ्यांदेखत गिळून टाकली. तिला पाणीसुद्धा लागलं नाही.

"ही तर मी तुम्हाला दिलेली गोळी!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ग्रंथपालांचा चेहरा पडला. "चुकलो," ते पुटपुटले. "एकही गिळली नाही. सगळ्या यांनाच घातल्या."

बँडमास्तरांनी हातातली टोपी छातीशी धरली. "म्हणजे सूर नव्हताच?"

"सूर होता हो," ग्रंथपाल घाईने म्हणाले. "जोडीला होता."

डॉक्टरीणबाई मात्र रिपोर्टकडे बघत राहिल्या. "गोळ्या घेतल्या नाहीत म्हणता, मग हाडं एवढी सुधारली कशी?"

"मी सांगते," बायको पदर सावरत म्हणाली. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून परसातली भिंत दिसते. पहिल्याच दिवशी बघितलं मी. म्हटलं, भांडून काय उपयोग? अंडी आपल्याकडेच येतात. टरफलं उकळायची, वाळवायची, कुटून पूड करायची आणि रोज सुपात घालायची. यांना सरळ गोळी गिळवत नाही ना, मग कोंबडीमार्फत पाठवली."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला. त्यांनी चघळायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि कोंबड्या बाहेर न्यायला सांगितलं.

घरी येताच बायकोने शब्द पाळला. कुलूप उघडलं, साखळी काढली. ग्रंथपाल भरल्या हाडांनी शिडी चढले. वरच्या फळीवर हात फिरवला. पहिल्या दोन खंडांची जागा रिकामी, चौथ्या खंडावर धूळ, आणि त्याच्या अलीकडे तिसऱ्याच्या जागीही नुसतीच फट. त्यांनी पुन्हा हात फिरवला.

"अगं, तिसरा खंड नाही इथे!"

"माझ्या उशाखाली आहे," खालून बायको म्हणाली. "शेवटची दोन पानं राहिलीत. संध्याकाळी देते."

"पण तो तिथे गेला कसा? शिडीला तर कुलूप होतं!"

"किल्ली कुणाकडे होती?"

"म्हणजे तू चढलीस? एवढ्या उंच?"

"मग?" बायको शिडी धरून शांतपणे म्हणाली. "सूप काय तुम्ही एकटेच पीत होता?"