चार बोटं गवत

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, त्या सांभाळून घ्याव्यात. शाळा चौथीपर्यंतच झाली. पण ताईंबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून लिहिते.

ताई म्हणजे माझी मोठी जाऊ. मोहगावजवळ आमची वावरं धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून आहेत. त्या एकट्या राहतात आणि गवत बोटांनी मोजतात. आडवा हात जमिनीवर टेकवायचा. गवत चार बोटांच्या वर असलं तर मेंढरांनी खावं, तिथपर्यंत आलं की बंद.

कापूस निघाला की दरवर्षी सदाशिव धनगर मेंढरं घेऊन यायचा. दिवसा ती ताईंच्या बरडावर, म्हणजे न पेरलेल्या माळावर, चरायची, रात्री वावरात बसायची. त्यांच्या लेंड्यांचं खत व्हायचं. त्यासाठी ताई दिवाळीलाच त्याला इसार देऊन ठेवायच्या. आणि मेंढरं आली की काडी घेऊन त्यांच्या पुढे उभ्या.

"सदाभाऊ, हाकला न तिकडे! बरड उघडा करून राहिले तुमी. पान्यात माती वाहून गेली तं आनून द्यान काय?"

"वयनी, मेंढराले बोटं मोजता येत नाही."

"तुमाले तं येते न!"

सकाळी वावरभर फिरून लेंड्या बघायच्या. "या कोपऱ्यात कोनी वाढलंच नाही," म्हणायच्या, जशी काही पंगत बसली होती. मग त्या रात्री मेंढरं तिथेच बसली पाहिजेत.

माझे मालक फार हसायचे. आमच्या बरडावर आम्ही कोणाचीही गुरं चरू दिली. तिथे आता नुसता मुरूम दिसतो. ताईंच्या बरडावर पावसाळ्यात कमरेएवढं गवत होतं.

मेंढरं असली की ताईंचा आवाज माझ्या चुलीपर्यंत यायचा. ती गेली की त्या गप्प. मीही बोलकी नाही. दोघी धुऱ्यावर बसून चहा प्यायचो आणि उठायचो.

यंदा सदाशिव बसने आला. मागे मेंढरं नव्हती. मी ताईंकडेच होते.

"इकली, वयनी," तो म्हणाला. "चरायले जागाच नाही राहिली. पोरगं बोरगावले कंपनीत लागलं, आता त्याच्यापाशीच राहून राहिलो. हा तुमचा इसार."

ताईंनी नोटांकडे पाहिलंच नाही. "असू द्या तुमच्यापाशी. पुढच्या साली आना मेंढरं."

"मेंढरंच नाही तं काय आनू? खताची ट्राली बोलवा."

"ट्रालीसंग भांडता येते काय?"

सदाशिव हसला. ताई हसल्या नाहीत, तेव्हा तोही थांबला. पदर सारखा करत त्या बरडाकडे बघत राहिल्या. हात काही पुढे केला नाही. शेवटी त्याने नोटा माझ्या हातात दिल्या.

"मोजून घ्या, बाई."

मी मोजल्या. पूर्ण होत्या.