अनगोळकर डॉक्टरांची काचपट्टी

डॉक्टर अनगोळकरांनी पहिल्या भेटीत माझ्याशी हात मिळवला नाही. खिशातून दाढीचा जुना ब्रश काढला, माझ्या शर्टाची कॉलर एका कागदावर झटकली, पुडी बांधली आणि आत निघून गेले. मी आणि माझी बायको शैला दारातच उभे. बंगळुरातल्या त्यांच्या घरी वरच्या मजल्यावरची जागा भाड्याने मागायला आलो होतो. दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले.

"हेब्बाळहून आलासा. गवतातनं चाललासा."

मी म्हटलं, शहराच्या पार त्या टोकाचं हेब्बाळ मी जन्मात पाहिलेलं नाही, सकाळपासून चिकपेटेच्या बाजारात पडद्याचं कापड बघत हिंडतोय.

"मग हेब्बाळचा कोणतरी तुमाला घासून गेला," डॉक्टर म्हणाले. म्हणजे चूक माझी किंवा चिकपेटेची. डॉक्टरांची नव्हे.

जागा मात्र मिळाली. नव्वदीची ती सुरुवातीची वर्षं. मी पुण्याहून इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला आलो होतो आणि मराठी घरमालक मिळाला म्हणून हुरळून गेलो होतो. डॉक्टर मूळ बेळगावचे, पण बंगळुरात पंचवीस वर्षं मुरलेले. ॲलर्जीचे डॉक्टर. शिंका, दमा, अंगावर उठणारं पित्त हा त्यांचा प्रांत. पेशंट आला की आधी उशीत कापूस आहे का शेवरी, हे विचारणार आणि मग नाडी बघणार. एक बाई वर्षभर वांगं सोडून बसल्या होत्या, तरी खोकला जाईना. डॉक्टर उठून त्यांच्या घरी गेले, पलंगावरच्या माळ्यात पारव्यांनी मांडलेला संसार दाखवला आणि म्हणाले, "वांग्यानं तुमचं काय घोडं मारलंय?"

पण दवाखाना हे त्यांचं अर्धंच आयुष्य. उरलेलं अर्धं गच्चीवर होतं. तिथे एका दांडीवर पत्र्याच्या दोन ताटल्या बसवलेल्या आणि त्यांच्या मधे चिकट मलम फासलेली एक काचपट्टी. हवेतले परागकण तिच्यावर येऊन बसायचे. रोज सकाळी आठला जुनी पट्टी काढायची, नवी लावायची, जुनीवरचे कण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. शहरात कुठल्या आठवड्यात कुठलं गवत, कुठलं झाड किती उडतं, याचा तक्ता त्यांना करायचा होता. तीन वर्षं एकही दिवस न चुकवता. आम्ही राहायला गेलो तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं. पुतणीच्या लग्नात आठचा मुहूर्त निघाला, तर हे अक्षता न टाकता गच्चीवर.

त्यांच्या पत्नी, इंदूताई, कारवारला माहेरी असायच्या. कायमच्याच. आम्ही त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं. "असल्या माणसाजवळ कोण राहील हो?" शैला म्हणायची. मलाही तसंच वाटायचं. संसाराचं वाटोळं करणारा छंद, दुसरं काय!

दिवाळीत डॉक्टर चार दिवस कारवारला निघाले. गच्चीची किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "आठ म्हंजे आठ. सव्वाआठ न्हवे."

दोन दिवस मी इमानेइतबारे पट्टी बदलली. तिसऱ्या दिवशी वर गेलो, तर कुणीतरी उडवलेला दिवाळीचा बाण लागून दांडी आडवी आणि पट्टीचे तुकडे. आता आली का पंचाईत! तीन वर्षांची तपश्चर्या माझ्या हाती दिली आणि मी ती मोडली. खरं सांगायची छाती होईना. मी नवी पट्टी घेतली, मलम लावलं, दोन तास आमच्या गॅलरीत ठेवली आणि कालची तारीख घातली. हवा काय, इथूनतिथून सारखीच. त्याच गॅलरीत शैला काय करत होती, तिकडे माझं लक्ष नव्हतं.

डॉक्टर परत आले आणि संध्याकाळी मला खाली बोलावलं.

"मंगळवारी गावात चकलीच्या भाजणीचं वादळ आलं हुतं काय?"

त्यांनी सूक्ष्मदर्शक माझ्यापुढे सरकवला.

"तांदूळ हाय, हरभऱ्याची डाळ हाय. स्वल्प धणेपण दिसताहेत."

मी सगळं कबूल केलं. वाटलं, आता जागा खाली करा म्हणणार. डॉक्टरांनी आवाजसुद्धा चढवला नाही. वहीत त्या दिवसासमोर 'नोंद नाही' असं लिहिलं आणि म्हणाले, "रिकामा दिवस चालतोय हो. खोटा चालत न्हाई. ह्या तक्त्यावर भरवसा ठेवून इंदू येणार हाय."

मग एकेक बोलले. इंदूताईंना या शहराची हवा सोसत नव्हती. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, पंप झाला. एकदा डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत त्यांचे ओठ निळे पडले. "गाव माझ्याकडं दमा घेऊन येतंय आणि घरचीला मला कारवारला धाडावं लागलं." वर्षातले कुठले आठवडे तिला इथे सुखाने श्वास घेता येईल, एवढंच त्यांना शोधायचं होतं. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती. त्या रिकाम्या खणाकडे मला बघवेना.

तक्ता पुरा झाला. जानेवारीअखेरचे दोन आठवडे त्यांनी हिरव्या पेन्सिलीने रंगवले आणि इंदूताई आल्या. बारीक अंगाच्या, हसऱ्या बाई. पहिले चार दिवस आम्ही सगळेच जीव मुठीत धरून होतो. शैलाने तर फोडणीसुद्धा खिडक्या लावून दिली.

पाचव्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलो. इंदूताई उन्हात आरामखुर्चीत झोपल्या होत्या. डॉक्टर शेजारी कठड्याला टेकून उभे. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, जवळ बोलावलं आणि कानात म्हणाले, "तिचा श्वास ऐका."

मी कान दिला. "काहीच ऐकू येत नाही हो. घरघरसुद्धा नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांचे डोळे भरले होते.

"सात वर्षं झाली," ते म्हणाले, "ह्या घरात ती अशी झोपून."