आप्पांच्या भिंतीवरची कलमं

शिक्रापुरात आप्पांच्या चाळीत खोली घ्यायची, तर आधी भिंतीपुढं उभं राहावं लागतं. पाण्याच्या टाकीशेजारच्या त्या भिंतीवर आप्पांनी पेंटरकडून कलमं लिहून घेतली आहेत. धमकी, मारहाण, डांबून ठेवणं. सगळ्यात वर लाल रंगात, 'इथे रॅगिंग केल्यास गुन्हा दाखल होईल.'

मी सणसवाडीच्या कंपनीत लागलो तेव्हा मलाही तिथंच उभं केलं होतं. पूर्वी चाळीत रीतच होती. नव्या भाडेकरूनं आठवडाभर सगळ्यांचं पाणी भरायचं आणि रविवारी गच्चीवर नाचायचं. आप्पांनी ती मोडून काढली. कुणी म्हणालं, गंमत असती वो आप्पा, की त्यांचं ठरलेलं उत्तर यायचं, "गंमत आसंल तर दोघंबी हसली पायजेत."

मग फौजदारी कायदा बदलला आणि आप्पांची झोप उडाली. धमकीचं पाचशे सहा आता तीनशे एक्कावन्न झालं. भिंत पुन्हा रंगवली. पेंटर कुरकुरला, तर त्यालाच ऐकवलं की कायदा दिल्लीला बदलला, माझ्यावर कशाला डाफरतो. नवे आकडे पाठ करत आप्पा जिना चढायचे. जुना आकडा तोंडात आला की खाली उतरून पुन्हा पहिल्या पायरीपासून. आम्ही हसून बेजार. आप्पाही हसायचे.

एका रविवारी मी आगाऊपणा केला. माझा मेहुणा शिरूरच्या कोर्टात वकिली करतो. त्याच्याकडून ऐकलेलं आप्पांना सांगितलं, की रॅगिंगचा कायदा शाळा-कॉलेजांना आणि त्यांच्या होस्टेलांना आहे. भाड्याच्या खोल्यांना तो लागत नाही.

"ठावं हाय मला," आप्पा म्हणाले. "माझ्या पोराच्या हास्टेलाला हुता की कायदा. त्यानं पयल्याच म्हैन्यात फोन केला. म्हनला, आप्पा, ही पोरं मला रातभर कॉटखाली बसवत्यात, न्यायला या."

आप्पांना मुलगा आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. कुठं असतो, मी विचारलं. लांब असतो, म्हणाले. आधी कॉलेज सोडलं, मग घरही. यांचा फोन उचलत नाही. चाळीत एवढी माणसं, आणि हा माणूस किती एकटा. त्या दिवशी फोनवर तुम्ही काय म्हणालात, असं मी उगाच विचारून बसलो.

आप्पांनी टाकीचा गळका नळ घट्ट केला.

"गंमत आसती रं ती, म्हनलो. आन् हसलो. मी एकटाच."