धुरावरचा उपाय

जुन्या बाजारात माल निवडावा तर मीच, हे मी आजही छाती ठोकून सांगतो. लढाई संपली आणि कल्याणच्या लष्करी छावणीतला उरलासुरला माल शहाडच्या रस्त्याकडेला गोणपाटांवर येऊन पडला. दर रविवारी मी त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसायचो. मच्छरदाणी, कंदील, एकाच डोळ्याने दिसणारी दुर्बीण. काय नाही मिळालं!

एका रविवारी हाताला गॅस मास्क लागला. रबरी तोंड, दोन गोल काचा, खाली सोंडेसारखी नळी आणि नळीला पत्र्याचा डबा.

"विषारी वायूसुद्धा आत शिरत नाही, साहेब," पोपट नावाचा विक्रेता म्हणाला.

"आणि चुलीचा धूर?"

"तो कुठला शिरतोय?"

माझी बायको मंदाकिनी ओल्या लाकडांपायी रोज डोळे चोळत स्वयंपाक करायची. मी मास्क घेतला.

तिला देण्याआधी म्हटलं, आपण घालून बघू. डोक्यामागे पट्ट्याचं बक्कल कटकन बसलं. धूर सोडा, हवाही धड आत येईना. श्वास ओढला की रबर गालांना चिकटे. बक्कल सोडवायला गेलो, तर ते गंजलेलं, हलेचना. काचांवर वाफ धरली आणि घर पुसट दिसू लागलं. कानात माझाच श्वास घुरघुरत होता. मी भिंत चाचपत स्वयंपाकघरात शिरलो.

"पट्टा काढ, पट्टा काढ," मी आतून ओरडलो. बाहेर बहुधा 'पाट काढ' एवढंच पोचलं.

मंदाकिनी चूल फुंकत होती. मान न वळवता म्हणाली, "मांडते पाट. भाकरी तरी होऊ द्या."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती वळली, किंचाळली आणि तिच्या हातातली फुंकणी माझ्या टाळक्यात बसली. किंकाळी ऐकून शेजारच्या गंगुबाई आल्या. दारात सोंड बघून पळावं की हात जोडावेत, हे त्यांना ठरवेना. त्यांनी दोन्ही केलं.

मंदाकिनीने मला धोतरावरून ओळखलं. "अहो, तुम्ही? श्वास येतोय ना?"

मी जोरजोरात नकाराची मान हलवली. तिचा चेहरा उतरला. कात्री आणली, ती जाड पट्ट्यावरून घसरली. मग तिने विळी ओढली.

"उताणे व्हा."

माझं डोकं नारळासारखं दोन्ही हातांत धरून तिने पात्यावर टेकवलं. रोज त्याच विळीवर ती दुधी चिरायची. दुधीला काय वाटत असेल, ते मला त्या क्षणी कळलं.

"हलू नका हो," ती म्हणाली. मग तिने डोकं आणखी घट्ट दाबलं.

करकर आवाज आला. पट्टा चिरतोय की मी, समजेना. मग मास्क सुटला आणि धुराने भरलेली ती हवा मी अधाशासारखी प्यायलो. मंदाकिनी पदराने वारा घालत रडत होती.

पट्ट्याबरोबर मागच्या केसांचा पुंजकाही गेला होता. गणू न्हाव्याने सारखं करता करता अख्खं डोकंच साफ केलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या कचेरीत माझा तुळतुळीत गोटा बघून साहेब खुर्चीतून उठले. हळू आवाजात म्हणाले, "अरेरे. कोण गेलं हो?"

"कुणी नाही, साहेब," मी म्हणालो. "जाणार होतो तो मीच."