उताऱ्याशी भांडणारी ऋतुजा

इंग्रजी उतारा वाचून माणसाला कंटाळा येतो, झोप येते, फार तर डोकं दुखतं. ऋतुजाला राग यायचा. तोही साधासुधा नव्हे, आपल्या दारात शेजाऱ्यानं कचरा लोटल्यावर येतो तसा. ती पुस्तक बाकावर आपटायची, उभी राहायची आणि म्हणायची, "मॅडम, माझी हरकत हाय!"

मी शहरातल्या गारखेड्यात घराच्या पुढच्या खोलीत इंग्रजीचे क्लास घेते. बारावीनंतर बाहेरच्या मोठ्या विद्यापीठात जायचं तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेतलं इंग्रजी म्हणजे मुख्यतः उतारे. उतारा वाचायचा, खाली प्रश्न असतात, चार पर्यायांतला एक निवडायचा. चुकलं तर गुण वजा. वर्षानुवर्षं मुलं माझ्याकडे येतात, मान खाली घालून पर्यायांवर टिक मारतात आणि घरी जातात. उताऱ्यात लिहिलेलं खरं की खोटं, हा प्रश्न ऋतुजा येईपर्यंत माझ्या खोलीत कोणी विचारला नव्हता.

ती पाचोड गावची. घरी आई, मोसंबीची बाग, सगळा कारभार चुलत्यांच्या हातात. इथं मुकुंदवाडीला मावशीकडे राहायची. तिला हैदराबादला जाऊन अर्थशास्त्र शिकायचं होतं. चुलत्यांनी सांगून ठेवलं होतं, एकदाच परीक्षा द्यायची. नाही जमलं तर गावातल्याच कॉलेजात बी.ए. करायचं. 'हरकत' हा शब्दही त्यांच्याचमुळे तिला मिळालेला. लहानपणी ती त्यांच्यासोबत ग्रामसभेला जाऊन बसायची. तिथं एक गृहस्थ प्रत्येक ठरावाला उठून हरकत घ्यायचे. बाकी सगळे त्यांच्यावर वैतागायचे, ही मात्र त्यांच्यावर फिदा होती.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. उतारा होता खेड्यातल्या पहाटेवर. लेखक शहरातून खेड्यात आलेला, पहाटे अंगणात बसलेला, आणि त्याला तिथं इतकी शांतता मिळते की स्वतःच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. प्रश्न होता, लेखकाच्या मते खेड्यातली पहाट कशी असते? ऋतुजानं 'गोंगाटाची' या पर्यायावर टिक मारली होती.

"अगं, शांतता म्हणून सरळ लिहिलंय ना वर," मी म्हटलं.

"लिहिलंय. पण खोटं लिहिलंय, मॅडम. आमच्या गावात पहाटं भोंगा हाय, दुधाच्या गाड्या हायेत, लाइट आली म्हणून विहिरीवरच्या मोटारी चालू करायला पळणारी माणसं हायेत. कोंबड्याचं तर मी धरतच नाय. या माणसाला काळजाचे ठोके ऐकू येतेत म्हणजे ह्यो गावात नाय, दवाखान्यात असंल."

सगळी खोली हसली. ती हसली नाही. ती खरोखर चिडली होती.

"तुझं मत विचारलेलं नाही," मी म्हटलं.

"मंग कोणाचं विचारलंय?"

"लेखकाचं."

"त्यानं लिहायच्या आधी आमचं विचारलं व्हतं का?"

मी गुण वजा केले. त्यावर ती जे बोलली ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. ती म्हणाली, "म्हणजे खोट्याला मार्क मिळणार अन् खऱ्याचे मार्क कापणार. लई भारी परीक्षा हाय ही."

त्यानंतर रोज तेच. कुत्रा हा माणसाचा सगळ्यात इमानी मित्र, असं एका उताऱ्यात होतं. "आमच्या चुलत्याला आमच्याच कुत्र्यानं चावलंय, इंजेक्शनं घ्याया पैठणला नेलं व्हतं. हरकत हाय." दुसऱ्या एका उताऱ्यात बर्फाळ देशातला एक म्हातारा खिडकीत बसून जुने दिवस आठवत होता. लेखकाचा सूर ओळखा: हळवा, टीकात्मक, तटस्थ की विनोदी? ऋतुजानं चारही पर्याय पेनानं खोडून खाली लिहिलं, 'रुसलेला.' वर मला समजावलं, "सून नीट बघंना म्हणून रुसून बसलाय तो. नीट वाचा तुम्ही, मॅडम. चहा गार झालाय म्हणून दोनदा लिहिलंय त्यानं. रुसलेला असा पर्याय कामून नाय देत हे लोक?"

मी पुन्हा वाचलं. चहा खरंच दोनदा गार झाला होता. त्याचा मला जास्तच राग आला.

अद्वैत नावाचा एक हुशार मुलगा त्याच बॅचला होता, इंग्रजी माध्यमाचा. त्यानं तिला मनापासून सल्ला दिला, "तू उतारा वाचतेस कशाला? आधी प्रश्न वाच, मग उताऱ्यात तो शब्द शोध, शेजारचं वाक्य बघ, झालं. पूर्ण वाचायचा नसतोच."

ऋतुजाच्या चेहऱ्याकडे पाहून मी खुर्ची जरा मागं घेतली.

"वाचायचा नसतो? मंग त्या माणसानं लिहिला कशाला? त्यानं बसून लिहायचं अन् आपण पाकीट मारल्यासारखं नुसतं उत्तर काढून घ्यायचं? अरे, त्याच्याशी भांडायचं तरी वाचून भांड की!"

अद्वैत बिचारा आठवडाभर तिच्या बाकापासून लांब बसला.

कहर झाला तो सराव परीक्षांचं पुस्तक छापणाऱ्या प्रकाशकाच्या बाबतीत. पुस्तकाच्या मागच्या पानावर दिल्लीचा मोबाइल नंबर होता. मधल्या सुट्टीत ही माझ्या फाटकापाशी उभी राहून फोनवर ओरडतेय. "तुमने गाँव देखा क्या कभी? सुबे सुबे इतना शांत कैसा रहता? जिसने लिखा उसको फोन देव!" पलीकडच्या माणसानं बराच वेळ ऐकून घेतलं असावं. मग ही लालबुंद होऊन आत आली. "मॅडम, मी त्याला खरं-खोटं विचारते, अन् तो म्हणतो, डिस्काउंट चाहिए क्या!"

आता मात्र माझा संयम सुटला. मे महिना तोंडावर आला होता, खोलीत कूलर नुसता घरघरत होता, आणि या मुलीचे गुण बॅचमध्ये सगळ्यात कमी होते. मी तिला एकटीला थांबवून घेतलं आणि झाडलं. "तुला हैदराबादला जायचंय की जगातल्या सगळ्या लेखकांना सुधारायचंय? तिकडे चुलते टपून बसलेत. परीक्षा घेणाऱ्याला तुझ्या हरकतीशी काही देणंघेणं नाही. समोर लिहिलंय ते मान्य कर, टिक मार आणि सूट इथून!"

तिनं या वेळी पुस्तक आपटलं नाही, हळूच बाकावर ठेवलं.

"मान्य नाय करू शकत, मॅडम," ती हळू आवाजात म्हणाली. "टिक मारली की मान्य केल्यासारखं वाटतं."

शेवटी आमच्यात तडजोड झाली. उत्तर लेखकाचं द्यायचं, मनातल्या मनात 'लेखकाच्या मते' असं म्हणून. म्हणजे जबाबदारी त्याची. आणि चाचणी संपली की भांडायला तिला वेगळा वेळ. त्या वेळात तिनं लेखकाला हवं ते बोलावं, मी मध्ये पडणार नाही.

हा तह कमालीचा लागू पडला. ऋतुजा पेपर सोडवताना ओठ हलवत पुटपुटायची, "लेखकाच्या मते, लेखकाच्या मते..." तिला तो चाळाच लागला. माझ्याकडचा चहा पिऊन म्हणायची, "लेखकाच्या मते यात साखर हाय." मावशीकडे नळाला पाणी येणार असलं की, "लेखकाच्या मते आज येणारे." गुण मात्र भराभर वर गेले. आणि चाचणीनंतरच्या त्या भांडणाला हळूहळू सगळी बॅच थांबायला लागली. भांडायचं तर उतारा पूर्ण वाचावा लागायचा, कारण ऋतुजा वाक्य काढून दाखवा म्हणायची. एके दिवशी अद्वैतच तावातावानं उभा राहिला आणि म्हणाला, "लेखक दुसऱ्या परिच्छेदात स्वतःलाच खोटं पाडतोय!" ऋतुजानं त्याच्या पाठीवर असा धपाटा घातला की त्याचा चष्मा खाली आला.

तिला प्रवेश मिळाला, हे इथंच सांगून टाकते. चुलत्यांनी मोसंबीची पिशवी पाठवली आणि फोनवर मला म्हणाले, "मॅडम, तिकडच्या लोकांना कल्पना देऊन ठेवा." ती आता हैदराबादला आहे आणि तिथल्या प्राध्यापकांचं काय होत असेल याचा मी विचार करत नाही. मला सांगायचंय ते परीक्षेच्या दिवसाचं.

केंद्र चिकलठाण्याच्या पुढं, एका कॉलेजात होतं. मुलांना फोन, पिशवी आत नेता येत नाही, म्हणून मी दरवर्षी फाटकाबाहेर सगळ्यांचं सामान सांभाळत बसते. सावली म्हणजे एक टपरी आणि तिच्यापुढचा फाटका ताडपत्रीचा तुकडा. पेपर सुटला. मुलं बाहेर येऊ लागली. अद्वैत हसत आला, सोपं होतं म्हणाला, गेला. ऋतुजा सगळ्यात शेवटी आली.

तिची चालच वेगळी होती. कोणाला तरी मारायला निघाल्यासारखी आली आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

"कसा गेला?"

"चांगला गेला."

"मग?"

"एक उतारा होता, मॅडम. आईवर." तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. "त्यात लिहिलं व्हतं, न शिकलेली आई लेकराला जेवू घालू शकते, माया लावू शकते. पण स्वप्न देऊ शकत नाय. कारण जे जग तिनं बघितलंच नाय, त्याची तिला इच्छा कशी व्हईल? असं लिहिलं व्हतं. गोड गोड भाषेत. वरून तिची कीव बी केली व्हती."

मी पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली, तिनं ती बाजूला सारली.

"माझ्या आईनं शाळेची पायरी चढलेली नाय. हैदराबाद कोणी काढलं माहितीये का? तिनं. नकाशा कुठून वाचायचा ते तिला माहीत नाय, पण चुलत्यासमोर उभी राहून म्हणाली, पोरगी जाणार. त्या घरात चुलत्यासमोर कोणी बसत बी नाय."

"प्रश्न काय होता?"

"लेखकाच्या मते अशी आई काय देऊ शकत नाय."

"आणि तू?"

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. उन्हानं तिचा चेहरा आधीच तापला होता, त्यात ती रडतेय की घामेजलीय ते कळत नव्हतं. "तुम्ही शिकवलं तेच. बरोबर उत्तर दिलं. लेखकाच्या मते म्हणलं, अन् दिलं."

मला त्या उताऱ्याच्या लेखकाला त्या टपरीवर ओढून आणावंसं वाटलं. इतकी वर्षं मी हे उतारे शिकवतेय, पण एवढी संतापले मी कधीच नव्हते. तिला काही चांगलं म्हणावं म्हणून शब्द शोधत होते, तेवढ्यात माझ्या पिशवीतला तिचा फोन वाजला. स्क्रीनवर 'आई'. तिच्या फोनचा कानाचा भाग बिघडलेला, त्यामुळे ती हल्ली स्पीकरवरच बोलायची.

"झाला का गं पेपर?" पलीकडून मोठ्यानं आवाज आला. मागं शेळी ओरडत होती.

"झाला."

"आज कोण आलं व्हतं?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग आई पुढं म्हणाली, "परवा ती समुद्राच्या कडंला राहणारी म्हातारी आली व्हती, त्याच्या आधी तो कुत्रेवाला. आज कोण?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ही पोरगी रोज माझ्याकडून गेल्यावर उतारा गावाकडं आईला फोनवर मराठीत सांगत होती. त्या घरात बर्फातला म्हातारा, खेड्यातली पहाट, सगळे जाऊन आले होते.

ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं. मग नजर रस्त्यावर वळवली.

"आज एक आई आली व्हती."

"आई? कसली आई?"

"शाळेत न गेलेली."

पलीकडं आईनं शेळीला हाकललं. मग जरा दबकत आवाज आला. "मंग? काय लिव्हलं व्हतं तिच्याबद्दल?"

एका पहाटेवरून दिल्लीला फोन लावून भांडणारी ही मुलगी. मला वाटलं, आता सुटणार हिचा तोल.

"चांगलं लिहिलं व्हतं," ती म्हणाली. "अशी आई नुसतं जेवू घालत नाय, असं लिहिलं व्हतं. लेकरांना लांबचं तीच दाखवते, असं."

"खरंच?"

"व्हय."

"इंग्रजीत लिव्हलंय असं?"

"इंग्रजीतच, आई."

पलीकडं आई हसली. लाजल्यासारखी, हळूच. "भला माणूस दिसतोय लिव्हणारा. नाव काय त्याचं?"

"उताऱ्याला नाव नसतं."

"असू दे. बायकांचं एवढं कोण लिव्हतं? पोटभर जेव आता, उन्हात फिरू नको."

"जेवते," ऋतुजा म्हणाली. तिनं फोन बंद केला नाही. पलीकडून आई शेजारच्या कोणाला तरी मोठ्यानं सांगत होती, पेपरात काय आलं होतं ते. ऋतुजा माझ्याकडं पाठ करून उभी राहिली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली.