वाट लागली, अण्णांना सांगा

मला रानात सोडा, डोंगरात सोडा, डोळे बांधून सोडा, मी वाट चुकत नाही! एकोणीस ट्रेक झालेत माझे. घोट्यापर्यंतचे बूट आहेत, गळ्यात शिट्टी आहे, मनगटावर होकायंत्र आहे. बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत हे मी इतक्यांदा सांगितलंय, की मला लिफ्टमध्ये बघितलं की लोक जिन्याने जातात.

त्या शनिवारी मात्र घरात कुणी मोठ्याने बोलतही नव्हतं. माझे वडील, अण्णा, आतल्या खोलीत पडून होते. वय त्र्याऐंशी. डॉक्टर स्वच्छ म्हणाले होते, "आता सुया टोचू नका. दोन दिवस, फार तर चार." बायको, रत्नप्रभा, चमच्याने पाणी पाजायची, ते ओठांवरून खाली यायचं. दोन दिवसांत अण्णा एक अक्षरही बोलले नव्हते.

आणि अचानक डोळे उघडून म्हणाले, "चंद्या, गोरायची ती वाट आसा काय रे अजून?"

गिरणी बंद पडल्यावर अण्णा आणि आई दोन वर्षं गोराईला एका वाडीवर राबत होते. भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन शेतांतून, मग झाडीतून, खाडीपर्यंत चालायचे. तीच ही वाट. आई जाऊन अकरा वर्षं झाली.

"असणार ना, अण्णा! वाट कुठे जाते?"

"बघून ये. माका सांग."

बस्स! मी म्हटलं, उद्या दुपारपर्यंत उत्तर तुमच्या कानात! बरोबर घेतलं देवेशला. हा रत्नप्रभाचा धाकटा भाऊ. वय चाळीस, वजन दोघांचं.

रविवारी सकाळी बोटीने खाडी ओलांडली आणि तासाभरात मी वाट चुकलो. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा आम्ही पुन्हा त्याच कोथिंबिरीच्या वाफ्यापाशी आलो. तिथे फोटो काढायला वाकताना देवेशचा फोन पाटाच्या पाण्यात गेला. फोन काढायला देवेश गेला. देवेशला काढायला मी गेलो!

वाफ्यात खुरपणाऱ्या बाईंनी आम्हाला बाहेर ओढलं. मालनबाई, सोलापूरकडच्या, वाडीवर कामाला होत्या.

"सरळ जावा," त्या म्हणाल्या. "फुडं हीर लागंल, मग मोठा आंबा लागंल, मग वाट लागंल."

देवेशचा चेहरा पडला. "भाऊजी, ही बाई सांगतेय आपली वाट लागणार!"

"अरे गाढवा, वाट लागणार म्हणजे वाट सापडणार! आपण विहीर लागली, ओढा लागला म्हणतो ना, तसं!"

विहीर लागली. आंबा लागला. आणि आंब्याच्या मागे, देवाशपथ, झाडीत शिरणारी मातीची पायवाट! दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. फोनची बॅटरी दोन टक्के होती. आनंदाच्या भरात मी घरच्या ग्रुपवर मालनबाईंच्याच भाषेत टाइप केलं, "वाट लागली!!! अण्णांना सांगा." मेसेज गेला, फोन मेला.

आता हा मेसेज घरी बसून वाचा तुम्ही.

इकडे आम्ही पन्नास पावलं चाललो आणि समोर भिंत. दहा फूट उंच, वर काचा. बाजूच्या फाटकातून पलीकडे कुठल्याशा रिसॉर्टचा तलाव दिसत होता, त्यात माणसं घसरगुंडीच्या पाईपवरून ओरडत पाण्यात पडत होती. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "वाट? कसली वाट? आठ वर्षं झाली, इथे सगळं सपाट केलं." मी भिंतीला हात लावून तिथेच बसलो. अण्णांना काय सांगू? मरणाऱ्या माणसाने एक गोष्ट विचारली होती, एकच!

"खोटं सांगा ना," देवेश म्हणाला.

"नाही. आयुष्यभर फुशारक्या मारल्या, आज खरं सांगणार," मी म्हटलं. मग देवेशचा पाय मुरगळला, त्याला आधार देत शेतं तुडवत बोटीपर्यंत यायला चार वाजले.

सोसायटीच्या फाटकावर गर्दी होती. गर्दीच्या वर फ्लेक्स होता. फ्लेक्सवर मी होतो, गॉगल लावून! खाली 'चंद्रप्रकाश यांचे ट्रेकदरम्यान अकाली निधन. भावपूर्ण श्रद्धांजली.' आमच्या बिल्डिंगमधला सुशांत वॉर्डातल्या पुढाऱ्याच्या मागे फिरतो, त्याचा फ्लेक्सवाला सदैव तयार असतो.

मी म्हटलं, "सुशांत, हे काय रे?"

सुशांतच्या हातातली दोरी सुटली आणि फ्लेक्सवरचा मी माझ्याच डोक्यावर पडलो.

काय झालं होतं, ते मला पाच जणांनी एकदम सांगितलं. मेसेज आला, फोन लागेना. वाकोल्याच्या पुतण्याने बिबट्याचं नाव काढलं. कोणीतरी खाडीत बोट उलटल्याचं ऐकलं. दोन वाजेपर्यंत वर्सोव्याहून आत्या आली, अण्णांची धाकटी बहीण. माणसं हॉलमध्ये मावेनात. पोलिसांत तक्रार बोरिवलीला द्यायची की गोराईला, यावर भांडण जुंपलेलं.

आत्याने मला बघितलं, आणि आधी एक थोबाडीत दिली, मग मिठी मारून रडायला लागली. पण मला बघूनही घर हसत नव्हतं. मला ते खटकलं.

"अण्णा?"

रत्नप्रभा आतल्या खोलीच्या दारात होती. डोळे सुजलेले.

"अहो, मी रडत होते ते त्यांना कळलं," ती म्हणाली. "'रडतस कित्याक गो?' म्हणाले. मला लपवता येईना. मोबाईल पुढे धरला, तर म्हणाले, वाचून दाखय. मी वाचलं. 'वाट लागली, अण्णांना सांगा.' आणि हसले हो ते! 'लागली मां वाट? गावली त्याका,' म्हणाले. 'मगे झाला.' आणि डोळे मिटले."

एवढ्या माणसांत तो मेसेज एकट्या अण्णांना कळला होता.

"मी किती ओरडले," ती म्हणाली. "पण बाहेर सगळ्यांना वाटलं, मी तुमच्यासाठीच रडतेय. म्हणाले, रडू दे तिला, मोकळी होईल. अर्धा तास कुणी आत आलंच नाही."

मी अण्णांजवळ बसलो. खरं सांगायचं ठरवून आलो होतो. त्यांचा चेहरा निवांत होता. मी लहान पोरासारखा रडलो.

माणसं जमलेलीच होती, त्यामुळे कुणाला कळवायचं काम पडलं नाही. सुशांतने फ्लेक्सवर फोटो आणि नाव बदलून आणलं, 'ट्रेकदरम्यान' आणि 'अकाली' मात्र तसंच राहिलं. मी म्हटलं, राहू दे.

रात्री स्मशानातून आल्यावर आत्या माझ्या शेजारी टेकली. "कशी आसा रे वाट?"

देवेश सुजलेला पाय धरून कोपऱ्यात बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं.

"होती तशीच," मी म्हणालो. "करवंदं लागलीत. गार सावली आहे." एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता आलं नाही. पक्षी घातले, वाहता ओढा घातला. सगळं घर ऐकत होतं. रत्नप्रभा पहिल्यांदा नीट जेवली.

"मगे तेराव्यानंतरच्या रविवारी माका घेवन चल," आत्या डोळे पुसत म्हणाली. "दादा-वहिनी चालत ती वाट माका बघूची आसा."

"आम्हीपण येतो, काका!" वाकोल्याचा पुतण्या म्हणाला. मग त्याची बायको. मग सुशांत.

आतापर्यंत एकवीस नावं आली आहेत. आत्याने नवे कॅनव्हासचे बूट घेतलेत. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला राहत असेल तर कृपा करून सांगा, तिथे दुसरी एखादी वाट आहे का? कुठलीही चालेल. थोडी झाडी असली म्हणजे झालं.