हिराओकांचा रुमाल, खांबेट्यांचा डबा

आता सांगणार आहे ती हकिगत शंभर टक्के खरी आहे. आईच्यान. शारजात अल मजाजला, खालिद लगूनच्या काठावरच्या एका टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर, हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे मी तिथे नव्हतो. मी राहतो दुबईत, अल मनखूलला, आणि ट्रॅफिकमध्ये दोन तास बसून दुसऱ्यांच्या भानगडी बघायला जाण्याइतका मी रिकामा नाही. पण डोळ्यांसमोर उभं राहावं इतक्या तपशिलात मला ते सांगितलं गेलं, म्हणजे डोळ्यांदेखतच. मजला कदाचित अकरावा असेल. तेवढं सोडलं तर एक अक्षर खोटं नाही.

उपेंद्र खांबेटे एका शिपिंग कंपनीत एकोणीस वर्षं कस्टम्सचे कागद सांभाळतो. वय बावन्न. जगभरच्या बंदरांची नावं त्याला पाठ आहेत, आणि गेला आहे तो फक्त मुंबईला आणि परत. त्याला वेड एकाच देशाचं, जपानचं. आठवीत असताना पार्ल्याला दातांच्या डॉक्टरकडे भिंतीवर एक कॅलेंडर होतं. एक तळं, काठावर गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं आणि पाण्यावर पाकळ्यांची साय. उपेंद्र त्या चित्रात असा शिरला की डॉक्टरने दाढ उपटली तरी त्याला पत्ता नाही. तेव्हापासून कुठेही दुखलं की तो डोळे मिटून ते तळं आठवतो. (लग्नाच्या मुहूर्तावरसुद्धा त्याने ते आठवलं होतं असं म्हणतात. मनोरमावहिनींना विचारायची माझी हिंमत नाही.)

संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तो बाल्कनीत उभा राहायचा. खाली लगून, वर धुळीने मऊ झालेलं आकाश, समोरच्या मशिदीचे मिनार अर्धे विरघळलेले. कारंजं सुरू झालं, की वाऱ्याने फुटलेले तुषार मावळतीच्या उजेडात गुलाबी व्हायचे आणि उपेंद्रच्या डोळ्यांपुढे पाकळ्या झडायला लागायच्या.

"अहो, वाळत घातलेले कपडे आत आणताय ना?" आतून वहिनी.

"आणतो," असं म्हणून तो आणखी अर्धा तास जपानमध्ये राहायचा.

अशा माणसाच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये एक जपानी जोडपं राहायला आलं, तर त्याचं काय होईल? श्री. व सौ. हिराओका. पहिल्याच दिवशी बेल वाजली. दारात हिराओकाबाई, कमरेत वाकलेल्या, हातात सुबक कागदात बांधलेला एक छोटा टॉवेल. त्यांच्याकडे नवीन बिऱ्हाड शेजाऱ्यांना असं काहीतरी देतं. उपेंद्रला इतकं भरून आलं की तोही वाकला. त्या आणखी वाकल्या. तो आणखी वाकला. वहिनींना वाटलं, याची पाठ धरली.

"उपाशी दारातून जायचं नाही हं," वहिनी मराठीतच म्हणाल्या. नेमके त्या दिवशी बेसनाचे लाडू वळले होते. पाच पोळ्या मावतील एवढा स्टीलचा एक डबा पुढे आला. पक्क्या झाकणाचा, झाकणावर नाव घातलेला. डबा वहिनींच्या आईचा. तो भरून बाईंच्या हातात दिला. निर्णय एवढुसा, यात कुणाचं काय चुकलं सांगा.

तिसऱ्या दिवशी डबा परत आला. लखलखीत घासलेला, एका निळ्या चौकोनी रुमालात गाठ मारून बांधलेला, आणि आत तांदळाची बिस्किटं. आता आपल्यात रिकामा डबा परत देत नाहीत, निदान साखर तरी घालतात. त्यांच्यातही तसंच निघालं. पण डबा आपला, तो आला. रुमाल मात्र त्यांचा! तो नुसता कसा परत द्यायचा? वहिनींनी चिवडा केला. चिवडा कशात द्यायचा? डब्यात. डबा कशात बांधायचा? रुमालात.

झालं. रहाट फिरायला लागला.

रुमाल परत गेला की डबा तिकडे अडकायचा. डबा परत आला की रुमाल इकडे. चकल्या गेल्या, शेवाळाच्या वड्या आल्या. ढोकळा गेला, गोड घेवड्याचे गोळे आले. एकदा तीन बिस्किटं आली, त्यांना सात आवरणं. शेवटचं सोलेपर्यंत उपेंद्रची भूक मेली. बाविसाव्या फेरीला वहिनींचं मनगट सुजलं आणि पलीकडे हिराओकाबाई ऑनलाइन पाककृती बघता बघता ओट्यावर डोकं टेकून झोपल्या, असं बिल्डिंगचा वॉचमन, ज्याला इथे नातूर म्हणतात, तो मुनीर सांगतो. (त्याला कसं कळलं ते मलाही कळलेलं नाही.)

उपेंद्रने एक डायरी ठेवली होती. पुढून मथळा 'जपानकडून शिकण्यासारखं'. हळूहळू ती मागूनही भरायला लागली: 'जपानच्या खटकणाऱ्या गोष्टी'. एके दिवशी वहिनींच्या हाती ती लागली आणि त्या मोठ्याने वाचायला लागल्या.

"'एक. कधीही सरळ नाही म्हणत नाहीत. दातांतून हवा ओढतात, मान वाकडी करतात आणि म्हणतात, जरा अवघड आहे. दोन. तुम्ही काही दिलंत की त्यांना परत दिल्याशिवाय चैन पडत नाही. तीन. निरोप घ्यायला लिफ्टपाशी दहा मिनिटं लावतात. चार. आपली चूक झाली तरी तोंडावर सांगत नाहीत. मी त्यांच्या टॉयलेटच्या सपाता घालून पाऊण तास हॉलमध्ये बसलो, दोघंही हसतमुख.'" वहिनींनी चष्मा काढला. "अहो, हे जपान आहे की माझं माहेर?"

"मनोरमा, हा गंभीर सांस्कृतिक अभ्यास आहे."

"पाच नंबर राहिला. 'या ना घरी' असं म्हणतात आणि मनात नसतं."

उपेंद्रचा जीव नेमका तिथेच अडकला होता. पंधरा दिवसांपूर्वी लिफ्टमध्ये त्याने धीर करून हिराओकांना सांगितलं होतं, की वसंतात एकदा तरी ती फुलं बघायची आहेत. हिराओका हसून म्हणाले होते, "जरूर या. आमच्या घरी या. घरासमोरच झाडं आहेत." (हे सगळं इंग्रजीत. मी मराठीत सांगतोय, दोघांवरही उपकार म्हणून.) त्या वाक्यावर उपेंद्रने एप्रिलच्या रजेचा फॉर्म भरला होता. सही करून तो उशीखाली ठेवला होता.

"बाबा, ही वॉज जस्ट बीइंग पोलाइट," मिहिका म्हणाली. ही त्यांची मुलगी, शारजात वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. "इट्स लाइक 'लेट्स मीट सून'. नोबडी मीट्स."

"तो तसा माणूस नाही."

"तुम्ही आहात ना तसे," वहिनी म्हणाल्या. "मनखूलच्या वासुदेवांना म्हणालात, 'या एकदा सहकुटुंब.' ते बिचारे खरंच आले, तर वॉशिंग मशीनच्या मागे कोण लपलं होतं?"

(हा वासुदेव म्हणजे अतिशय सज्जन आणि तसा देखणाही माणूस आहे. पण ते असो.)

तर अशी सगळी गाठ बसली. रहाट थांबवावा तर शेजार तुटणार, शेजार तुटला की एप्रिल गेला, आणि चालू ठेवावा तर वहिनींचं मनगट जाणार. अशात एका शनिवारी दुपारी वहिनी आणि मिहिका बाजारात गेल्या होत्या, आणि रुमाल उपेंद्रच्या घरी होता, डबा हिराओकांकडे. डबा तिकडे कसा राहिला? त्या आठवड्यात हिराओकाबाईंनी रुमालात नुसती संत्री पाठवली होती. डबा अजून भरायचा होता. उपेंद्रने रुमाल धुतला, इस्त्री केला, आणि मनाशी ठरवलं की तो रिकामा त्यांच्या दाराच्या मुठीला बांधायचा, बेल दाबायची आणि पळायचं. बावन्नाव्या वर्षी! पायांत मोजे, म्हणजे आवाज नको. त्याने श्वास रोखून दार उघडलं.

दारात, पायपुसण्यावर, हिराओका उकिडवे बसले होते. तेही मोज्यांत. हातात डबा. झाकण सैल. रिकामा.

दोघांनी एकमेकांच्या हातांकडे बघितलं. जगातली कोणतीच भाषा अशा वेळी कामाला येत नाही. हिराओका उठता उठता वाकले, उपेंद्रही वाकला, आणि डोक्यावर डोकं टक्क करून आपटलं. डबा सुटला. भरलेला डबा पडला तर धप्प होतं. रिकामा डबा साऱ्या मजल्याला सांगतो, मी रिकामा आहे. तो खणखणत, गडगडत, गिरक्या घेत थेट लिफ्टपर्यंत गेला, आणि त्याच क्षणी लिफ्टमधून मुनीर बाहेर आला.

"क्या हुआ साब? दोनों का कुछ गिर गया क्या?"

"खलास," उपेंद्र म्हणाला. "सब गिर गया."

मग ते दोघं बूट घालून खाली लगूनवर गेले. फेब्रुवारीतली कोवळ्या उन्हाची दुपार. पाणी हलतंय की नाही कळू नये असं. पलीकडचे टॉवर धुक्यात उलटे लटकल्यासारखे पाण्यात. दोघांच्या हातांत करक, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाचे कागदी कप, मधे बाकावर डबा आणि रुमाल, सांभाळायला आणलेल्या नातवंडांसारखे.

"हिराओका-सान, खरं सांगा," उपेंद्र म्हणाला.

हिराओकांनी चहाचा एक घोट घेतला. "तुमच्या दाराचा आवाज झाला की माझी बायको घाबरते. आज काय येणार म्हणून. तो पिवळा पदार्थ आम्ही चार दिवस खात होतो."

"ढोकळा."

"नाव माहीत नाही. संपत नव्हता."

"मग सांगायचं ना!"

"तुम्ही सांगितलंत?"

उपेंद्रच्या कपाटात शेवाळाची अकरा पाकिटं होती. त्याने ते सांगितलं. हिराओका आधी गंभीर झाले, मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि हा माणूस हसला की त्याला दात आहेत हे उपेंद्रला पहिल्यांदा दिसलं. दोघं इतके हसले की पाण्यावरचे सीगल उठले.

त्या हसण्याच्या भरात उपेंद्रने विचारलं. "तुम्ही म्हणाला होतात, घरी या. ते खरं?"

हिराओकांनी मान वाकडी केली. दातांतून हवा ओढली. "स्स्स... जरा अवघड आहे. घर आईचं आहे. ती पंच्याऐंशीची आहे. तिला पाहुणे खपत नाहीत. मलाही ती आठ दिवसच ठेवते."

उपेंद्रला काहीतरी दुखलं. सवयीने त्याने डोळे मिटले आणि ते तळं आठवलं; पण या वेळी दुखत होतं ते नेमकं तिथेच. हे औषध आज चालणार नव्हतं. त्याने डोळे उघडले, तर समोर शारजाचं तळं होतं आणि शेजारी एक माणूस, जो आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी खरं बोलून बसला होता आणि घाबरून कप चुरगळत होता.

"बरं केलंत सांगितलंत," उपेंद्र म्हणाला. आणि त्याला ते मनापासून वाटलं.

मार्ग निघाला तो असा. कुणी काही परत द्यायचंच नाही. उपेंद्रने घरी सांगायचं, त्यांना डबा इतका आवडला की आठवण म्हणून मागून घेतला. हिराओकांनी घरी सांगायचं, त्यांना रुमाल इतका आवडला की मागून घेतला. फिटंफाट.

"झाकणावर काय लिहिलंय?" हिराओकांनी विचारलं.

"मालकिणीचं नाव. आमच्यात भांड्यावर नाव घालतात. म्हणजे ते कुठेही गेलं तरी घरी परत येतं."

"सुंदर," असं म्हणून हिराओकांनी डबा कोटाखाली घेतला.

मार्चमध्ये त्यांची बदली झाली. लिफ्टपाशी निरोपाला दहा मिनिटं लागली. या वेळी उपेंद्रला ती कमी वाटली. रजेचा फॉर्म त्याने डायरीत ठेवून दिला, मागच्या बाजूला. आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फोनवर एक फोटो आला. गुलाबी झाडाखाली सतरंजी, सतरंजीवर एक चिमुकली म्हातारी, आणि तिच्या मांडीवर उघडा डबा. डब्यात पाकळ्या पडल्या होत्या. खाली मजकूर: 'बायकोने तुमचा राहिलेला चिवडा आईला दिला. आईने डबा सोडलेला नाही. झाकणावरचं नाव बोटाने गिरवते आणि विचारते, ही माणसं कोण? पुढच्या वसंतात त्यांना घेऊन ये. घर अवघड नाही.'

"पोलाइट आहे का गं हे?" उपेंद्रने फोन मिहिकापुढे धरला.

तिने दोनदा वाचलं. "नो बाबा," ती हळूच म्हणाली. आणि मग, मला सांगितलेलं खरं असेल तर, मराठीत म्हणाली, "जा तुम्ही."

तिकिटं निघाली आहेत. उपेंद्र आता बाल्कनीत उभा राहत नाही. बॅग भरतो, उपसतो, परत भरतो.

आता कबुली. यात एकच गोष्ट मी बनवली. डबा मनोरमावहिनींच्या आईचा नाही. झाकणावर नाव आहे 'सौ. शुभ्रा वासुदेव', म्हणजे आमच्या हिचं. आम्ही सहकुटुंब गेलो होतो तेव्हा त्यात करंज्या नेल्या होत्या. 'भरून देऊ' म्हणत खांबेट्यांनी तो चार वर्षं ठेवला. म्हणजे नीट बघितलं, तर त्या म्हातारीने बोलावलंय ते आम्हाला!

हे मी उपेंद्रला बोलून नाही दाखवलं. आपण तसे नाही. फोनवर एवढंच म्हणालो, "उपेंद्र, येताना आमचा डबा तेवढा आण रे. ही रोज विचारते."

पलीकडून दातांतून हवा ओढल्याचा आवाज आला.

"स्स्स... वासुदेव," तो म्हणाला, "जरा अवघड आहे."